बोर्ड उत्तम, पण तारांची माहिती चुकीच्या जागी: एका सिंगल बोर्ड कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअर संचाचे परीक्षण

या परीक्षणाचा विषय बोर्ड नसून त्याच्यासोबत निर्मात्याने दिलेला सॉफ्टवेअर संच आहे: बूटलोडर (बोर्ड सुरू होताच कर्नल चढवणारा प्रोग्रॅम), ५.१० आवृत्तीवर आधारलेले लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), कंपनीचे स्वतःचे ड्रायव्हर आणि डिव्हाइस ट्रीच्या फायली, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडले आहे हे कर्नलला सांगणारे वर्णन. बोर्ड गरम होत नाही, त्याचे कनेक्टर भक्कम आहेत आणि वीजपुरवठ्याची मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. हार्डवेअरविषयी एवढे पुरे. असा बोर्ड अनेक वर्षे वापरता येईल की पुढच्या कर्नलबरोबरच अडगळीत जाईल, हे मी एका गोष्टीवरून ठरवतो. कोणती चिप कोणत्या पिनला जोडली आहे, ही माहिती कंपनीने डिव्हाइस ट्रीमध्ये लिहिली आहे की ड्रायव्हरच्या सी कोडमध्ये गाडून ठेवली आहे, हे मी आधी पाहतो.

यूएसबी किंवा पीसीआयवरचे उपकरण आपली ओळख स्वतः सांगते; आयटूसी बसवरची, म्हणजे दोन तारांच्या साध्या जोडणीवरची चिप तसे काही सांगत नाही, त्यामुळे तिची माहिती कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवावीच लागते. एआरएमच्या, म्हणजे मोबाइल आणि अशा बोर्डांतल्या प्रोसेसरच्या जगात पूर्वी ती प्रत्येक बोर्डासाठी कर्नलमध्येच एकेका स्वतंत्र सी फायलीत लिहीत असत. त्यातून झालेल्या पसाऱ्यावर २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली आणि त्यानंतर, संगणक सुरू करणाऱ्या ओपन फर्मवेअर या प्रणालीच्या, म्हणजे १९९४ च्या आयईईई १२७५ मानकाच्या काळापासून चालत आलेली आणि पॉवरपीसी प्रोसेसरांवर आधीच रुळलेली डिव्हाइस ट्रीची पद्धत एआरएमवरही झपाट्याने पसरली. डिसेंबर २०१२ मधील ३.७ आवृत्तीपासून एकच कर्नल अनेक उत्पादकांच्या एआरएम चिपांवर चालवण्याची सोय झाली. त्यामुळे इतक्या वर्षांनी बाजारात आलेल्या बोर्डाला या बाबतीत सबब सांगायला जागा नाही.

संचाचा काही भाग खरोखर नीटनेटका आहे. एलईडी, बटणे आणि व्होल्टेज रेग्युलेटर यांसाठी कंपनीने नवा ड्रायव्हर न लिहिता कर्नलमधलेच सामान्य ड्रायव्हर वापरले आहेत आणि पिनांचे तपशील ट्रीमध्ये दिले आहेत. दुसरा सिरियल पोर्ट सुरू करण्यासाठी मला केवळ त्याच्या नोडमधले, म्हणजे ट्रीमधल्या नोंदीतले स्टेटस ‘डिसेबल्ड’ऐवजी ‘ओके’ करणारी चार ओळींची ओव्हरले फाइल (मूळ ट्रीवर चढवायची छोटी दुरुस्ती) लिहावी लागली. कर्नल पुन्हा बांधावे लागले नाही. एलईडी सुरुवातीपासून हृदयाच्या ठोक्यासारखा लुकलुकावा, असेही ट्रीमध्येच नोंदवले आहे. काटेकोरपणे पाहता हे हार्डवेअरचे वर्णन नसून वापराचे धोरण आहे, पण ही पळवाट आता सर्वांनीच मान्य केलेली असल्याने त्यावर तक्रार नाही.

टचस्क्रीनपाशी मात्र सगळे बिघडले. पडद्यावर गुडिक्स कंपनीची जीटी९११ ही स्पर्श ओळखणारी चिप आहे. रिसेट सुटताना तिच्या इंटरप्ट पिनवर (प्रोसेसरला सूचना देणाऱ्या पिनवर) व्होल्टेजची जी पातळी असेल, त्यानुसार ती आयटूसीवरचा आपला पत्ता ठरवते: हेक्स (सोळा-आधारी आकड्यांत) ५डी किंवा हेक्स १४. रिसेट आणि इंटरप्ट या दोन्ही पिना ट्रीमधून वाचणारा ड्रायव्हर मूळ, म्हणजे कंपनीने बदल न केलेल्या कर्नलमध्ये आहे. कंपनीने तो बाजूला ठेवून स्वतःचा लिहिला, त्यात रिसेटच्या पिनचा क्रमांक आणि तिची उलटी पातळी थेट कोडमध्ये घातली, आणि ट्रीमधल्या नोडमध्ये केवळ नाव आणि पत्ता ठेवला. माझ्याकडे आलेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या बोर्डावर रिसेटची तार दुसऱ्याच पिनवर नेलेली होती. ड्रायव्हर कुठेच न जोडलेली पिन वरखाली करत राहिला, चिपने वीज मिळताच आपल्या मनाने पत्ता घेतला, आणि ५डीवर उत्तर मिळत नसल्याची तक्रार लॉगमध्ये साठत गेली. बसवरचे पत्ते तपासल्यावर चिप १४ वर निवांत बसलेली दिसली. पिनेची नोंद ट्रीमध्ये असती, तर दुरुस्ती एका ओळीची होती. इथे तिला माझ्या दोन संध्याकाळी आणि एक संपूर्ण कर्नल बिल्ड लागले.

इथरनेटची गोष्ट याहून फसवी आहे. प्रोसेसर आणि फाय (केबलशी बोलणारी इथरनेटची चिप) यांच्यातल्या आरजीएमआयआय जोडणीत डेटाच्या तुलनेत क्लॉक, म्हणजे ठेका देणारा सिग्नल, सुमारे २ नॅनोसेकंद उशिरा पोहोचावा लागतो, आणि हा उशीर बोर्डावरच्या तारांनी द्यायचा की चिपने, हे ट्रीमधल्या ‘फाय-मोड’ या नोंदीवरून ठरते. कंपनीच्या ट्रीमध्ये नुसते ‘आरजीएमआयआय’ लिहिले आहे, म्हणजे वाचणाऱ्याने उशीर तारांमध्येच आहे असे समजावे. प्रत्यक्षात तो तारांमध्ये नाही. कंपनीचा ड्रायव्हर ट्रीकडे न पाहता फायच्या रजिस्टरमध्ये तो नेहमीच सुरू करतो. दोन चुका एकमेकींना झाकतात, म्हणून ५.१० वर सारे सुरळीत चालते. मी ६.६ आवृत्ती चढवली, तिच्यातल्या ड्रायव्हरने ट्रीवर प्रामाणिकपणे विश्वास ठेवून उशीर बंद केला, आणि लिंकचा दिवा लागलेला असताना एकही पॅकेट धड येईना. ‘आरजीएमआयआय-आयडी’ (म्हणजे उशीर चिपने द्यावा) असे लिहिताच जाळे सुरू झाले.

ट्रीमध्ये सर्व काही कोंबावे, असा याचा अर्थ नाही, आणि गंमत म्हणजे याच संचात उलटी चूकही आहे. डिस्प्लेला सुरुवातीला पाठवायच्या आज्ञांची बाइटांची लांबलचक माळ ट्रीमधल्या एका प्रॉपर्टीत (नोडमधल्या गुणधर्मात) ओतलेली आहे. ती माळ बोर्डाची नसून त्या डिस्प्लेच्या मॉडेलची आहे. तोच डिस्प्ले कोणत्याही बोर्डाला लावला तरी ती बदलत नाही. अशा माहितीची जागा ड्रायव्हरमध्ये, ‘कम्पॅटिबल’ नावाशी (ट्रीमध्ये उपकरणाची ओळख सांगणाऱ्या नावाशी) जोडलेल्या तक्त्यात असते. तिथे तिला नावे आणि टिपा देता येतात. ट्रीमध्ये ती फक्त न वाचता येणाऱ्या आकड्यांची रास उरते. ट्री स्कीमांशी, म्हणजे ट्रीत काय कसे लिहावे याच्या नियमांशी ताडून पाहण्याची कर्नलची तपासणी चालवली, तेव्हा इशाऱ्यांनी पडदा भरला. कंपनीने स्वतः बनवलेल्या बहुतेक प्रॉपर्टींची नोंद कोणत्याच दस्तऐवजात नाही.

ज्यांना कंपनीची तयार इमेज टाकून एकच उपकरण बनवायचे आहे, त्यांनी हा बोर्ड जरूर घ्यावा. ज्यांना मूळ कर्नल चालवायचे आहे, त्यांनी सर्किटची आकृती हाताशी ठेवून ट्री स्वतः लिहिण्याची तयारी ठेवावी. माझ्या बोर्डावर रिसेटची तार कोणत्या पिनवर आहे, एवढाच प्रश्न मी कंपनीच्या मदत कक्षाला विचारला होता. उत्तरादाखल त्यांनी नवी कर्नल इमेज उतरवून घेण्याचा दुवा पाठवला.