आठवड्याचं पाकीट: जळगावात फर्स्ट इयरला सात महिने वापरलेली पद्धत, सगळा हिशोब आकड्यांसकट

मी पारोळा तालुक्यातल्या एका गावातली, मागच्या ऑगस्टच्या शेवटी जळगावात इंजिनिअरिंग फर्स्ट इयरला आले. यंदा ज्यांच्या घरातलं पहिलं पोरगं किंवा पोरगी बाहेर शिकायला निघालीय त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण मला असं कुणी आकडे मांडून सांगितलं नव्हतं. सगळे एवढंच सांगायचे की जपून खर्च कर, पण जपून म्हणजे नेमकं किती ते कुणालाच सांगता यायचं नाही.

आधी घरची परिस्थिती सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पप्पांची शेती कोरडवाहू, कापूस. म्हणजे पैसा दर महिन्याला येत नाही, दिवाळीनंतर कापूस विकला की एकदम येतो अन् त्याच्याआधी चार महिने उसनंपासनं चालतं. 2024-25 पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसीतल्या मुलींना उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी अन् परीक्षा फी माफ झाली, त्याच्यामुळेच मी इथं आहे हे मी कधी विसरणार नाही. पण घरी सगळ्यांना वाटलं फी माफ म्हणजे खर्च मिटला, आणि राहणं, खाणं, मिनी ड्राफ्टर, ड्रॉइंग शीट, वर्कशॉपचा ड्रेस हे कुणी धरलंच नव्हतं.

तर घरून महिन्याला 6,500 ठरले. खोलीत तिघी जणी, माझ्या वाट्याचं भाडं 1,800, दोन वेळची मेस 2,600, हे 4,400 गेले की हातात 2,100. पहिल्या महिन्यात मी वहीत रकाने पाडले अन् 'बाहेर खाणं, फिरणं' ह्याच्यासमोर शून्य लिहिलं. मला तो शून्य फार चांगला वाटला होता, पप्पा उसने आणून देऊन राहिले अन् मी कचोरी खाऊ का, असं. मग तीन आठवडे काय झालं तर वर्गातल्या पोरी चहाला निघाल्या की मी म्हणायची पोट दुखतंय, लायब्ररीत जायचंय, रूमवर काम आहे. चौथ्या आठवड्यात त्यांनी विचारणंच सोडलं. त्यात त्यांची काही चूक नव्हती. मी रात्री मेसमधून येऊन एकटी बसायची, मग एका रविवारी (मेस रविवारी संध्याकाळी बंद असते) नुसती रडत बसले अन् एकटीनं शेवभाजी पार्सल मागवून 180 रुपये उडवले. म्हणजे शून्य लिहून पैसेही गेले अन् मैत्रिणीही.

पद्धत आईकडून आली. घरी गेले होते तेव्हा तिला म्हटलं महिन्याचं गणित बसतच नाही, वीस तारखेला सगळं संपतं. ती म्हणाली, "बजार रोज नही भरस माय, आठोडामा एकदाव भरस." आई आठवडे बाजाराला मोजून नोटा नेते, पिशवी भरते, नोटा संपल्या की समोर कितीही चांगली वांगी दिसोत ती परत फिरते, मी हे लहानपणापासून बघितलंय. तिनं आयुष्यात कधी महिन्याचं बजेट केलेलं नाही, आठवड्याचंच केलं.

मग 21 सप्टेंबरच्या रविवारपासून मी असं सुरू केलं. मोबाईलच्या ॲपमध्ये यूपीआय लाईट म्हणून असतं, म्हणजे खात्यातून थोडे पैसे वेगळे काढून ठेवायचा कप्पा, त्यात दर रविवारी फक्त 300 टाकायचे. त्या 300 मध्ये आठवड्याचा चहा, रिक्षा, झेरॉक्स, पेन, रविवारची संध्याकाळ सगळं. आणि मैत्रीचा खर्च पूर्ण वेगळा, तो रोख. महिन्यातून एकदाच एटीएममधून 600 काढते, दर रविवारी त्यातले 150 एका कागदी पाकिटात. 300 चे उरले तर खात्यात परत, पण पाकिटातले 150 उरले तर पाकिटातच साठत राहतात, हे महत्त्वाचं आहे कारण चहा रोज होतो पण वाढदिवस अन् ट्रिप रोज होत नाहीत. पैसे एटीएममधून एकदाच काढायचं कारण म्हणजे आपल्याच बँकेच्या एटीएममधून महिन्याला पाच वेळा फुकट असतं, त्याच्यावर गेलं की प्रत्येक वेळी 23 रुपयांपर्यंत कापू शकतात, अन् दोनशे दोनशे काढत बसलं की पाच लगेच होतात.

लाईटच का, साधं यूपीआय का नाही, हे सगळ्या विचारतात. साध्या यूपीआयला अख्खं खातं उघडं असतं, 10 रुपयांचा चहा घेतानासुद्धा मागं सगळे पैसे उभे. लाईटमध्ये जेवढे टाकले तेवढेच, पिन लागत नाही, आणि बँकेचं सर्व्हर अडकलेलं असताना पण माझं पेमेंट बऱ्याच वेळा होऊन गेलंय. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये चहा-चहाच्या ओळी येत नाहीत, आठवड्याची 300 ची एकच ओळ येते, त्यामुळे महिनाअखेरीला पप्पांसोबत बसून हिशोब बघता येतो. लाईटमध्ये 5,000 पर्यंत ठेवता येतात अन् एका पेमेंटला 1,000 पर्यंत, म्हणजे आपल्याला पुरून उरतं.

पण त्यात तीन गोष्टी मला ठेच लागून कळल्या. एक म्हणजे ऑटो टॉप-अप नावाचं बटन असतं, ते चालू राहिलं तर पैसे कमी झाले की खात्यातून आपोआप भरले जातात, मग आठवड्याची मर्यादा कसली, माझे ऑक्टोबरमध्ये एका आठवड्यात 300 चे 900 झाले अन् मला चार दिवस कळलंच नाही. ते पहिले बंद करा. दुसरं, लाईटमधून पैसे जातात पण येत नाहीत, कुणी परत पाठवले तर ते सरळ बँक खात्यात जातात, म्हणजे सगळ्यांचं बिल आपण लाईटमधून भरलं तर लाईट रिकामं अन् परत आलेले पैसे दुसरीकडेच. म्हणून ग्रुपचं बिल मी कधीच भरत नाही, रोख कॉन्ट्री (माझा वाटा) देऊन मोकळी होते. तिसरं, पैसे त्या मोबाईलमधल्या ॲपला बांधलेले असतात, मोबाईल बदलायचा किंवा ॲप काढायचं तर आधी ते पैसे खात्यात परत घ्या.

आता पाकिटाचं. नवरात्रात त्याची पहिलीच परीक्षा झाली. वर्गातल्या सात जणींनी ठरवलं सारख्या चनिया चोळी भाड्यानं घ्यायच्या, 500 रुपये प्रत्येकी. माझ्या पाकिटात 150, पुढच्या रविवारचे धरून 300. मी दोन दिवस काहीच बोलले नाही, मग मेसच्या रांगेत उभं राहून सांगून टाकलं की माझ्याकडे ह्या गोष्टीसाठी 300 आहेत, त्याच्यावर मला जमणार नाही. हात थरथरत होते, खरं सांगते. दोघी लगेच म्हणाल्या आम्हालाही 500 जास्तच वाटत होते. आम्ही तिघींनी घरचे घागरे अन् एकीच्या वहिनीच्या ओढण्या आणल्या. बाकीच्यांतली एक मात्र चिडली, ग्रुपचा फोटो बिघडला म्हणाली, अन् ती अजूनही माझ्याशी कामापुरतंच बोलते. ते मला लागतं. पण 'पोट दुखतंय' म्हणून जे तुटत होतं त्याच्यापेक्षा हे बरं आहे, कारण आता ज्या सोबत आहेत त्यांना माझा आकडा माहीत आहे अन् त्या प्लॅनच त्या हिशोबानं करतात.

डिसेंबरात एका मैत्रिणीच्या मळ्यात भरीत पार्टी झाली. वांगी तिच्या शेतातली, काड्यांच्या जाळावर भाजलेली, कांद्याची पात, शेंगदाणे, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी तिच्या काकूंनी केल्या, आम्ही फक्त तेल, दही अन् गाडीभाडं वाटून घेतलं, 90 रुपये आले. एवढं पोट भरून अन् एवढं मनापासून मी जळगावात कुठल्याच हॉटेलात जेवले नाही. फेब्रुवारीत पद्मालयच्या गणपतीला गेलो, एरंडोलपर्यंत एसटी, मुलींना 2023 च्या मार्चपासून अर्धंच तिकीट आहे, पुढं रिक्षा वाटून, प्रसाद अन् नाश्ता धरून 210. पाकिटात तेव्हा साठून 480 होते. ते पैसे काढताना मनाला काहीच टोचलं नाही, हीच मला ह्या पद्धतीची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. आधी प्रत्येक कचोरीला पप्पांचा चेहरा दिसायचा.

सगळ्यात जास्त उपयोग कुठं झाला तर कापसाचे पैसे आले तेव्हा. डिसेंबरला पप्पांनी एकदम 20,000 टाकले, तीन महिन्यांचे, मार्चपर्यंत काही मागू नको म्हणाले. खात्यात पाच आकडे मी पहिल्यांदाच बघितले अन् एकदम वाटलं की आता नवे शूज घेऊ, मोबाईलचं कव्हर घेऊ. पण रविवारी हात 300 वरच गेला, सवय लागली होती. खोली-मेसचे तीन महिन्यांचे 13,200, तेरा रविवारचे 3,900, पाकिटाचे महिन्याला 600 धरून 1,800, उरले 1,100, त्यात रिचार्ज अन् झेरॉक्सचं बंडल बसलं. ज्यांच्या घरी पगार नाही, पीक आहे, त्यांना हे खास सांगतेय, पैसे कधीही आणि कितीही येवोत, आपण रविवारीच अन् तेवढेच घ्यायचे.

जिथं पद्धत कमी पडली तेही लिहिते. पाच रविवार असलेला महिना, माझ्या वेळेत नोव्हेंबर अन् मार्च. साध्या महिन्यात 2,100 मधून 1,200 लाईटला, 600 पाकिटाला, 300 शिल्लक राहतात, पण पाच रविवार आले की लाईटलाच 1,500 लागतात अन् पाकिटाचे 600 धरले की शिल्लक शून्य. आणि नोव्हेंबरात नेमकी मी तापानं पडले, डॉक्टर अन् गोळ्या मिळून 640 गेले, ते रूममेटकडून घ्यावे लागले. आजारपणाचा कप्पा मी केलाच नव्हता, तो पहिल्या दिवसापासून करा, 500 तरी बाजूला. उधारीचंही तसंच, जानेवारीत मी एकीला 400 दिले ते एप्रिलमध्ये आले, आता कुणाला द्यायचे तर पाकिटातूनच देते, म्हणजे नाही आले तरी मेस अडत नाही.

बँकेचं एक. जळगावात मी नवीन खातं उघडलं, त्यात किमान शिल्लक ठेवावी लागते हे मला कुणी सांगितलं नाही अन् दोन महिने दंड कापला गेला. काउंटरवर स्पष्ट विचारा की झिरो बॅलन्सचं बेसिक खातं द्या, ते बँकांना द्यावं लागतं. आणि शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यातच येते, म्हणून नवीन खात्याला आधार सीडिंग (आधार जोडणी) करताना विचार करा, माझं गावाकडचंच ठेवलंय. शिष्यवृत्तीचा पैसा हातात येईपर्यंत महिन्याच्या हिशोबात धरू नका, माझ्या वर्गातल्या दोघींनी तो धरून खोली महागाची घेतली अन् जानेवारीत त्यांना बदलावी लागली.

ह्या पद्धतीला पाचपैकी चार गुण देते. एक कापला तो आजारपणासाठी अन् पाचव्या रविवारसाठी.

आखाजीला (अक्षय तृतीयेला) घरी आले तेव्हा पाकिटात 260 होते, त्यातून गावातल्या मैत्रिणींसोबत बांगड्या भरल्या अन् उरलेल्याच्या आईसाठी पण घेतल्या. आईनं विचारलं कुठल्या पैशाच्या, मी पाकीट दाखवलं, तिनं ते हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं अन् परत माझ्या बॅगेत ठेवलं. जूनपासून खोलीचं भाडं 200 नं वाढणार आहे, म्हणून आता मेस एक वेळची करून सकाळचा स्वयंपाक खोलीवर करायचा विचार चाललाय. पाच किलोची गॅसटाकी तिघींत किती दिवस जाते हे कुणी केलं असेल तर आकड्यासकट सांगा, त्याच्यावरच 300 चे किती करायचे ते ठरवेन, पाकिटाचे 150 तेवढेच ठेवणार आहे.