डोडोची फ्रेम करून घेतली, नौपाडा ठाणे

राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीत फ्रेमिंगचं छोटंसं दुकान आहे, प्रिंटपण तेच काढून देतात. मला हॉलमध्ये उस्ताद मन्सूर या चित्रकाराचं, मॉरिशसच्या नामशेष झालेल्या डोडो पक्ष्याचं चित्र लावायचं होतं. जहांगीराच्या दरबारातलं, साधारण १६२५ चं, ओरिजिनल रशियात सेंट पीटर्सबर्गला आहे.

पहिली प्रिंट ग्लॉसी पेपरवर काढली आणि डोडो चक्क लालसर आला. काका म्हणाले जुनं चित्र आहे, असंच असणार. मी म्हटलं नाही हो काका, इथे रंगच तर महत्त्वाचा, कारण १६६२ नंतर डोडो खात्रीने कुणी पाहिलेलाच नाही आणि जिवंत पक्षी बघून काढलेली रंगीत चित्रं अगदी मोजकी, त्यात हे असावं असं जाणकार मानतात. पीटर मंडी नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने त्याच सुमाराला सुरतेत दोन डोडो बघितल्याचं लिहून ठेवलंय, म्हणजे आपल्या इतक्या जवळ होता हा पक्षी! युरोपात सेव्हरी नावाच्या चित्रकाराने काढलेला डोडो एकदम गोलमटोल आहे, मन्सूरचा त्यामानाने सडपातळ, तपकिरी. मला तोच खरा वाटतो, कारण त्याच चित्रात बाजूला पट्टकादंब (बार-हेडेड गूज) आहेत आणि ते आपण दर हिवाळ्यात भिगवणला बघतो तसेच्या तसे आहेत. मग मी मोबाईलमधला भिगवणचा फोटो काढून दाखवला आणि काकांनी तो स्क्रीनशेजारी धरून पट्टकादंबाचा राखाडी रंग जुळेपर्यंत करेक्शन केलं, दोन टेस्ट प्रिंट काढल्या, त्यांचे पैसे लावले नाहीत. पट्टकादंब जुळला तसा डोडोपण तपकिरी झाला. इतक्या आस्थेने कोण करतं सांगा!

कडेचे पक्षी कापून फक्त डोडो मोठा करू का असं काकांनी विचारलं होतं, ते मात्र करू देऊ नका, सगळं चित्रच घ्या.

मॅट पेपर, क्रीम माउंट, साधी सागवानी पट्टी, १२ बाय १८ इंच, सगळे मिळून १८५० रुपये. चार दिवस सांगून नऊ दिवस लावले आणि मागचा हुक हलका होता, तो मी बदलला. पार्किंग नाही, स्टेशनवरून चालत जा.

पुढच्या महिन्यात मन्सूरचाच सायबेरियन क्रौंच फ्रेमला टाकणार आहे, भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात २००२ नंतर जो आलाच नाही तो. त्याचा पांढरा रंग जुळवायला मी स्वतः बसणार.