दुबईला शिकवायला जाणाऱ्यांनी सही करण्यापूर्वी हे वाचावे

भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे वर्ष दुबईतही एप्रिलमध्येच सुरू होते, म्हणून 2023 च्या एप्रिलमध्ये मी नाशिकची नोकरी सोडून तेथील एका शाळेत गणित शिकवायला गेले. नाशिकमध्ये हाती आलेल्या नियुक्तिपत्रात ‘रजा अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार मिळेल’ असे वाक्य होते आणि त्यावर विसंबून मी निर्धास्त होते. फसवणूक झाली ती तेथे पोहोचल्यावर. व्हिसाच्या कामासाठी पासपोर्ट शाळेकडे असतानाच कार्यालयात बोलावून चौदा पानांचे ‘शाळेचे धोरण’ समोर ठेवण्यात आले आणि बाहेर इतर शिक्षक ताटकळत असल्याचे सांगून दहा मिनिटांत प्रत्येक पानावर सही घेण्यात आली. तीन लेट मार्क झाल्यास एक दिवसाचा पगार कापला जाईल आणि पहिल्या वर्षी आजारपणाची रजा विनावेतन असेल, ही दोन कलमे त्यात होती. ती मी वाचली, पण शाळेचा नियम आहे म्हणजे कायद्यात बसतच असेल असे गृहीत धरले.

घरभाडे परवडावे म्हणून मी शारजात राहत होते आणि सकाळी दुबईकडे जाणाऱ्या रस्त्यावरची कोंडी सर्वांना ठाऊक आहे. तरीही माझे बहुतेक लेट मार्क रस्त्यामुळे नव्हे, तर शाळेच्या दारातल्या यंत्रामुळे लागले. अंगठा लावायचे यंत्र एकच, रांग पंधरा-सोळा शिक्षकांची, आणि खडूने कोरडा पडलेला माझा अंगठा तीन-तीन वेळा पुसूनही उमटत नसे. सात दहाच्या आत फाटकातून आलेल्या माणसाची नोंद सात बाराची होई, आणि ती नोंद शेवटची मानली जाई.

नोव्हेंबरात मला ताप आला. मंगळवारपासून पुढच्या बुधवारपर्यंत मी अंथरुणावर होते. दुसऱ्याच दिवशी शाळेला कळवले आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्रही पाठवले. महिनाअखेरीस 4,500 दिरहमऐवजी 2,850 दिरहम जमा झाले. मधले शनिवार-रविवार धरून नऊ दिवसांचे 1,350 आणि सहा लेट मार्कांचे 300 दिरहम कापले होते. पगारपत्रकावर ‘विनावेतन रजा’ एवढेच लिहिले होते, त्यामुळे कागदावर सारे रीतसर दिसत होते.

शाळेतल्या एका मल्याळी मॅडमनी मला कायदा वाचायला लावला, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. 2021 चा हा कामगार कायदा 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू आहे. परिविक्षा काळ (नव्या नोकरीतला प्रोबेशनचा काळ), जो सहा महिन्यांहून अधिक असू शकत नाही, संपल्यावर वर्षाला 90 दिवस आजारपणाची रजा मिळते; त्यातील पहिले 15 दिवस पूर्ण पगारी, पुढचे 30 दिवस अर्ध्या पगाराचे आणि उरलेले विनावेतन. आजारपण तीन कामाच्या दिवसांच्या आत कळवावे लागते. शिक्षा म्हणून पगार कापायचा झाल्यास आरोप लेखी कळवून कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकावे लागते, आणि तशी कपात महिन्याला पाच दिवसांच्या पगारापलीकडे जाऊ शकत नाही. कायद्याहून कमी हक्क देणारी अट सही केलेली असली तरी निरर्थक ठरते. माझी परिविक्षा ऑक्टोबरातच संपली होती.

नोकरी जाईल या भीतीने मी दोन आठवडे गप्प बसले, याचे आजही वाईट वाटते. खऱ्या ठरलेल्या तक्रारीवरून काढून टाकणे तेथे बेकायदा मानले जाते, हे मला फार उशिरा कळले. अखेर मनुष्यबळ मंत्रालयाच्या ॲपवर तक्रार नोंदवली आणि समेटाच्या बैठकीनंतर शाळेने 1,350 दिरहम परत केले.

नियुक्तिपत्र आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत आपल्याजवळ ठेवावी, पगारपत्रक दर महिन्याला तपासावे, आणि यंत्रासमोर रांग असेल तर घड्याळासह तिचा फोटो काढावा. लेट मार्कांचे 300 दिरहम मला मिळाले नाहीत, कारण असा एकही फोटो माझ्याकडे नव्हता.