काळ्या केसांवर प्लॅटिनम ब्लाँड: आठ महिन्यांनंतरचे परीक्षण

पुण्यातील एका सलूनमध्ये मी माझे खांद्यापर्यंतचे काळे केस प्लॅटिनम ब्लाँड, म्हणजे जवळजवळ पांढरे-चंदेरी, करून घेतले आणि पुढे ते तसे राखण्यासाठी तेथेच जात राहिले. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. सलूनचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण या कामात पाटीवरील नावापेक्षा हात कोणाचा आहे याला अधिक महत्त्व असते, आणि केस रंगवणाऱ्या चांगल्या कलरिस्ट वरचेवर सलून बदलतात. त्याऐवजी काम कसे झाले, कशामुळे चांगले झाले आणि नंतर काय सांभाळावे लागले, हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

या सलूनच्या आधी मी दुसऱ्या एका ठिकाणी चौकशी केली होती. तेथे केसांना हातही न लावता “एका दिवसात करून देऊ” असे सांगण्यात आले, आणि तेवढ्यावरच मी परत फिरले. ज्या कलरिस्टकडे शेवटी काम केले, तिने पहिल्या भेटीत केसांना काहीच लावले नाही. मागील दोन-तीन वर्षांत केसांना काय काय लावले, हे तिने खोदून खोदून विचारले. दीड वर्षापूर्वी मेंदी लावली होती असे मी सांगताच, केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात या हिशेबाने ती मेंदी खालच्या टोकांना अजून शिल्लक असणार, हे तिने दाखवून दिले. शुद्ध मेंदी ब्लीचला दाद देत नाही एवढेच. परंतु ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मिश्रणांमध्ये धातूंचे क्षार असतात आणि ब्लीचमधील पेरॉक्साइडशी त्यांची गाठ पडली की केस तापून जळू शकतात. म्हणून तिने मानेजवळची एक बट कापून तिच्यावर ब्लीचची चाचणी घेतली, त्वचेला अ‍ॅलर्जी येते का हे पाहण्यासाठी कानामागे पॅच टेस्ट केली आणि 48 तासांनंतर बोलावले. माझ्या मते संपूर्ण सेवेतील सर्वांत मोलाचा भाग हाच होता, आणि त्याचे पैसे तिने घेतले नाहीत.

काळा केस प्लॅटिनम होण्याचा मार्ग लांब का असतो, हे समजून घेतले तर घाई करण्याचा मोह आवरतो. केसांच्या रंगाची मोजपट्टी 1 ते 10 अशी असते. आपले केस बहुधा 1 किंवा 2 वर असतात आणि प्लॅटिनमसाठी 10 गाठावे लागते. ब्लीच केसातील गडद रंगद्रव्य तुलनेने लवकर फोडते, पण तांबूस-पिवळे रंगद्रव्य चिवट असते. त्यामुळे केस आधी तपकिरी, मग लालसर, मग नारिंगी, मग पिवळे होतात. थांबण्याची जागा म्हणजे केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूचा फिकट पिवळा रंग. त्याच्या पुढे ब्लीच रेटले तर केस पांढरे होत नाहीत, ते तुटतात. डोळ्यांना दिसणारा चंदेरी रंग ब्लीचचा नसून त्यावर लावलेल्या जांभळट टोनरचा, म्हणजे छटा देणाऱ्या हलक्या रंगाचा, असतो, आणि टोनर काही आठवड्यांत धुऊन जातो.

माझ्या बाबतीत हे काम तीन बैठकांत, मध्ये पाच-पाच आठवडे सोडून झाले. पहिल्या बैठकीनंतर केस गडद नारिंगी दिसत होते आणि त्या अवस्थेत पाच आठवडे कार्यालयात जावे लागले, याची मनाची तयारी आधीच करावी. तिने 40 व्हॉल्यूमचे, म्हणजे 12 टक्के पेरॉक्साइडचे डेव्हलपर (ब्लीच पावडरमध्ये मिसळायचे द्रावण) कधीच वापरले नाही. 20 व्हॉल्यूमवर, म्हणजे 6 टक्क्यांवर, सावकाश काम केले. टाळूजवळचा सेंटिमीटरभर भाग शरीराच्या उष्णतेमुळे लवकर उजळतो, म्हणून तेथे ब्लीच सर्वांत शेवटी लावले. प्रत्येक वेळी ती एक ओला केस हलकेच ताणून पाहत असे. निरोगी ओला केस साधारण 30 टक्के ताणला जाऊन पूर्ववत होतो, तर खराब झालेला रबरासारखा लांबत जाऊन तुटतो. दुसऱ्या बैठकीत टोकांनी ही परीक्षा नीट दिली नाही, तेव्हा तिने काम अर्ध्यावर थांबवून टोके कापण्याचा सल्ला दिला. मला वाईट वाटले, पण तिचा निर्णय योग्य होता. तुटलेले बंध सांधण्यासाठी ब्लीचमध्ये ओलाप्लेक्स मिसळले होते. त्याने केस ब्लीचपूर्वीसारखे होत नाहीत, परंतु माझ्या केसांचा पोत विंचरण्याजोगा राहिला.

तीन बैठकांचे मिळून 21,500 रुपये झाले. खर्च तेथे संपत नाही. दर पाच-सहा आठवड्यांनी मुळांचे टच-अप, म्हणजे नव्याने वाढलेल्या काळ्या भागाला ब्लीच, लागते आणि त्याचे प्रत्येकी 4,500 रुपये. टच-अप लांबवले तर मुळांजवळचा उष्णतेचा पट्टा ओलांडून वाढलेला केस वेगवेगळ्या वेगाने उजळतो आणि डोक्यावर पट्टे दिसतात. म्हणजे पैसे वाचवण्यासाठी केलेली दिरंगाई अंगाशीच येते.

घरच्या देखभालीत जांभळा शाम्पू अपरिहार्य आहे, मात्र त्याच्याकडून भलत्या अपेक्षा नकोत. तो पिवळेपणा झाकतो. नारिंगी झाकायला निळा रंग लागतो. आठवड्यातून एकदा, तीन मिनिटे, एवढे पुरे होते. मी एकदा पंधरा मिनिटे ठेवला आणि ब्लीचने सच्छिद्र झालेली टोके चक्क फिकट जांभळी झाली. “जांभळाचं सरबत सांडलंय का गं डोक्यावर?” असे आईने विचारले, त्यावर उत्तर नव्हते.

आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचे आणि बोअरचे पाणी येते, आणि त्यातील क्षार या केसांवर लगेच दिसतात. महिन्यातून एकदा क्षार काढणारा शाम्पू वापरल्यावर जो फरक पडला, तो कोणत्याही महागड्या मास्कने पडला नव्हता. तेलाबद्दल कलरिस्टने नाक मुरडले, तेथे मात्र मी तिच्याशी असहमत आहे. धुण्याआधी लावलेले खोबरेल केसांतील प्रथिनांची झीज कमी करते, हे मॅरिकोच्या मुंबईतील संशोधकांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले होते, आणि त्या अभ्यासात ब्लीच केलेले केसही होते. तेल उत्पादकाचाच अभ्यास, हे लक्षात ठेवूनही माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. फक्त तेल रंगहीन असावे. हिरवट आवळा तेल टाळावे.

आपल्याकडचे सणवार या रंगाला मानवत नाहीत, हे कोणीही आधी सांगत नाही. मावसबहिणीच्या हळदीत कपाळावरच्या बटांना लागलेली हळद दोन आठवडे निघाली नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत मी तेल लावून, घट्ट अंबाडा घालून आणि वर स्कार्फ बांधून गेले, तरी भांगात गुलालाची छटा राहिलीच. दुचाकीवर बांधायचा सुती स्कार्फ एरवी उन्हापासून चांगले रक्षण करतो, पण त्याच्या घर्षणाने केस तुटतात. आत साटीनचा तुकडा घेतल्यावर तो त्रास थांबला.

छटेच्या निवडीत माझी एक चूक झाली. मुळापासून टोकापर्यंत बर्फासारखी थंड छटा मी हट्टाने मागितली आणि माझ्या गव्हाळ रंगावर ती चेहरा निस्तेज करणारी ठरली. तिने पहिल्याच दिवशी सुचवलेली मोतिया छटा आणि मुळांशी दोन-तीन सेंटिमीटर नैसर्गिक काळेपणा ही रचना मी तिसऱ्या टच-अपनंतर स्वीकारली. काळ्या भुवयांशी ती अधिक जुळते आणि वाढलेली मुळे विसंगत वाटत नाहीत. आता ब्लीच बारा आठवड्यांतून एकदा आणि मधल्या काळात एकदा केवळ टोनर, त्याचे 1,800 रुपये.