आधी सभा की आधी घरोघरी?

मनीषनगरच्या आमच्या सोसायटीत गच्चीवर सोलर बसवायचा विषय निघाला, तेव्हा दोन वाटा होत्या: थेट सभा बोलवायची, किंवा आधी एकेकाच्या घरी जायचं.

सभेनं काम झटपट होतं. कोटेशन, पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे मिळणारं 18,000 रुपये अनुदान, सगळं सगळ्यांना एकदमच कळतं आणि ठराव इतिवृत्तात येतो. पण बोलतात दोघं-तिघंच. बाकीचे माना डोलावतात, आणि खरा विरोध नंतर जिन्यात ऐकू येतो.

घरोघरी जायला आम्हाला तीन आठवडे लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मला गच्चीवर घेऊन गेल्या आणि कुरडयांनी भरलेली खाट दाखवली. "पॅनल इथं आले तर वाळवण कुठं घालू?" सभेत त्या हे कधीच बोलल्या नसत्या. आम्ही पूर्वेचा कोपरा मोकळा सोडून नकाशा बदलून घेतला. धोका एकच: प्रत्येक घरी वेगळं सांगितलं गेलं की संशय वाढतो. म्हणून एकच छापील कागद सगळीकडे न्यावा.

पैसा आणि गच्ची सामाईक असेल तर आधी घरोघरी, मग सभा, असं माझं स्पष्ट मत आहे. जिन्याचा रंग ठरवायला सभा पुरे.