वंशावळ काढून देणारे आले तर मूळ कागद हातात देऊ नका

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर-अंजनगाव भागात ‘तुमच्या घराण्याची वंशावळ काढून देतो’ म्हणत दोघं जण फिरत आहेत. एक साठीकडे झुकलेला, धोतर-कोट, कपाळाला अष्टगंध. दुसरा पोरसवदा, लॅपटॉपवाला. तूर घरात आल्यावर ते आमच्याकडे आले आणि मोठ्या काकाजींकडून साडेबारा हजार रुपये व पणजोबांच्या शाळेचा मूळ दाखला घेऊन गेले. पैसे गेले ते गेले, दाखल्याचा राग अजून जात नाही.

आधी त्यांनी मोठेपणा विकला. ओसरीवर चहा घेता घेता म्हातारा म्हणाला, “काकाजी, तुमचं खानदान लय मोठं हाये, फक्त झाकून रायलं.” आमचं आडनाव वानखडे. वानखडे म्हणजे म्हणे ‘बाणखड्ग’, हत्यार वागवणारं कूळ. आमच्याकडची जुनी माणसं साधं सांगतात: बुलढाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यात वानखेड नावाचं गाव आहे, तिथून उठून आलेले ते वानखडे. तेही कोणी तपासलेलं नाही म्हणा. पण हे आडनाव कुणब्यांत आहे, माळ्यांत आहे, बौद्धांत आहे. सगळ्यांचा एकच मूळपुरुष काढणारा माणूस एक तर देव असेल नाही तर लुच्चा. काकाजींना मात्र बाणखड्ग भावलं. विसार म्हणून एकवीसशे तिथंच दिले.

मग भीती विकली. पुतण्याच्या जात पडताळणीची, म्हणजे व्हॅलिडिटीची, फाईल घरात पडलीच होती. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आमच्याकडे त्याच्याही कितीतरी आधीचा, पणजोबांचा शाळेचा दाखला होता. लॅपटॉपवाल्या पोराने तो पाहिला आणि मान हलवली. दाखल्यावर आडनाव ‘पाटील’, कारण तेव्हा पाटीलकी आमच्या घरात होती. “आडनाव जुळत नाही, केस अडकते. मोडीवाल्याकडून प्रमाणित करून आणतो, मूळ कागद द्या.” दाखला स्वच्छ बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत लिहिलेला! त्यात जुनी मोडी लिपी वाचणाऱ्याचं काय काम? मी तालुक्याला गेलो होतो, घरी काकाजी एकटे. त्यांनी दाखला दिला आणि उरलेले पैसे फोनपेवर टाकले. खातं भलत्याच नावाचं निघालं.

यथावकाश कुरिअरने वंशावळीचं बाड आलं. लाल रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं, आत बावीस पिढ्या. तिसऱ्याच पानावर लिहिलं होतं की १८५७ साली नागपूरकर भोसल्यांनी आमच्या पूर्वजाला दर्यापूर परगण्यात मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करण्याचा हक्क, दिली. आता बघा. तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा, म्हणजे आमच्या दर्यापूरकडचा, मुलूख तर भोसल्यांनी १८०३ च्या देवगावच्या तहातच सोडला होता. शिवाय मालगुजारी नागपूर, भंडारा, चांदा इकडची. वऱ्हाडात खातेदारी होती, म्हणजे शेतकरी स्वतःच्या नावावर सारा भरायचा. एका वाक्यात इतक्या चुका करायलाही कसब लागतं. पुढे एका पानावर ‘वानखडे’च्या जागी ‘गावंडे’ तसंच राहून गेलेलं. पलीकडच्या गावातल्या गावंड्यांचं बाड मागून पाहिलं, तर तेच बावीस पुरुष, त्याच क्रमाने.

बाडासोबत एक ‘मोडी नक्कल’ही होती. कागदाला चहाचा रंग, खाली गोल शिक्का, आणि शिक्क्यात कचेरीचं नावच नाही. ती फाईलला लावली असती तर मोठा घोळ झाला असता. पडताळणी समितीचं दक्षता पथक शाळेत आणि तहसिलात जाऊन मूळ रजिस्टर बघतं. बनावट कागद सापडला की खरी जातही संशयात येते, आणि पुतण्याचं इंजिनिअरिंगचं वर्ष जातं ते वेगळंच.

खरे कागद कसे दिसतात तेही सांगतो. तहसीलच्या अभिलेख कक्षात रीतसर अर्ज केला की कोतवाल बुकाची नक्कल किरकोळ फीत मिळते. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी अशा असतात: ‘तुळशा वल्द (म्हणजे मुलगा) सखाराम, कुणबी’. बाई असेल तर ‘जौजे’ (म्हणजे बायको) अमुक. आडनाव बहुतेक ठिकाणी नसतंच. म्हणजे आडनाव धरून मागे जायला निघालात तर चार-पाच पिढ्यांत वाट संपते. पुढे गावाचं आणि बापाचं नाव जुळवत बसायचं. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत घरातलं कोण कधी येऊन गेलं ते सापडू शकतं, पण गाव, आडनाव सांगून तिथं स्वतः जावं लागतं. पूर्व विदर्भातल्या पोवारांचे भाट पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या राखत आले. ते त्यांच्या यजमानांच्या दारी येतात. कोणाच्याही घरी लॅपटॉप उघडून बसत नाहीत.

आमचं काम शेवटी जिल्हा परिषदेच्या शाळेतच झालं. दाखल-खारीज रजिस्टर शाबूत होतं. मुख्याध्यापकांनी पणजोबांच्या नोंदीचा सही-शिक्क्याचा उतारा दिला. जात पडताळणीची वंशावळ अर्जदाराने स्वतःच शपथपत्रावर लिहायची असते, त्यासाठी कोणी कुलभूषण लागत नाही. ‘पाटील’ आणि ‘वानखडे’ एकच, हेही त्याच शपथपत्रात लिहिलं आणि सोबत कोतवाल बुकाची नक्कल जोडली.

ठाणेदारांकडे तक्रार दिली आहे, फोनपेच्या रकमेसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोनही केला. दोघांचे मोबाईल बंद आहेत. तुमच्या गावात ते आले तर आधी त्यांचा आणि गाडीच्या नंबरचा फोटो काढा. तुमचे कागद बघायचेच असतील तर ओसरीवर, तुमच्या डोळ्यांसमोर बघू द्या. आणि त्यांचं बाड कोणी आधीच विकत घेतलं असेल तर फाडू नका, पोलिसांत जमा करा. गावंड्यांचं आणि आमचं शेजारी शेजारी ठेवलं तेव्हाच ठाणेदारांनी तक्रार मनावर घेतली.