कोल्का दरी बघायला मुक्काम कुठं करायचा: चिवाय की काबानाकोंदे?

पेरूला जाणारे आपले बरेच लोक कुस्को आणि माचू पिच्चू करून परत फिरतात, पण ज्यांच्या हातात तीन-चार दिवस जास्त असतात ते आरेकिपा शहरात येतात आणि तिथं पोचलं की कोल्का दरीचा विषय निघतोच. मग प्रश्न हाच, की चिवायला राहायचं का अजून पुढं काबानाकोंदेला जायचं. दोन्ही गावं एकाच दरीतली, मध्ये साधारण ६० किमीचा रस्ता, पण राहण्याचा अनुभव इतका वेगळा आहे की चुकीचं गाव निवडलं तर एवढ्या लांब येऊन हळहळ वाटेल.

आधी तिसरा पर्याय बाजूला काढतो, कारण आरेकिपातल्या प्रत्येक गल्लीत तोच विकतात: एका दिवसाची टूर. पहाटे तीनच्या सुमाराला हॉटेलवरून उचलतात, अंधारात ४९०० मीटरवरची पातापाम्पाची खिंड ओलांडतात, कोंडोर म्हणजे इथलं प्रचंड गिधाड बघायला तासभर थांबतात आणि संध्याकाळी परत त्याच खिंडीतून खाली. म्हणजे २३३५ मीटरवर झोपलेलं शरीर काही तासांत ४९०० ला जातं, तेही झोपमोड करून, उपाशीपोटी, आणि एकाच दिवसात दोनदा. डोकं दुखणं, मळमळ, काचेला डोकं टेकवून बसलेली माणसं, हे त्या गाड्यांमधलं नेहमीचं चित्र आहे. अगदीच वेळ नसेल तर ठीक, पण घरचे वयस्कर लोक बरोबर असतील तर मी तरी कुणाला ही टूर घ्या म्हणणार नाही. निदान एक रात्र दरीत काढा.

आता उंचीचंच बघू, कारण माझ्या मते निम्मा निर्णय तिथंच होतो. चिवाय साधारण ३६३५ मीटरवर, काबानाकोंदे ३२८७ च्या आसपास. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे, म्हणजे लेहला जाऊन आलेल्यांना अंदाज येईल की चिवाय त्याहून थोडं वर आणि काबानाकोंदे थोडं खाली. साडेतीनशे मीटरचा फरक कागदावर काहीच वाटत नाही, पण रात्री झोप लागते का नाही यात तो कळतो, कारण उंचीचा त्रास जास्त करून झोपेतच जाणवतो. गंमत म्हणजे लोक काबानाकोंदे लांब आहे म्हणून ते जास्त अवघड समजतात, खरं तर झोपायला तेच सोपं आहे. अर्थात तिथं जायलाही खिंड ओलांडावी लागतेच, ती चुकत नाही, त्यामुळं आधी आरेकिपात दोन रात्री काढाच, दिवसा प्रवास करा, पाणी भरपूर प्या, पहिल्या संध्याकाळी पोटभर जेवू नका. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यायची का नाही ते निघायच्या आधी आपल्या डॉक्टरला विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा.

पोचायला चिवाय सोपं. आरेकिपाहून १६० किमीच्या आसपास, साडेतीन-चार तास, आणि वाटेत सालिनास इ आग्वादा ब्लांका हे राखीव क्षेत्र लागतं, तिथं विकुन्या म्हणजे लामाचे जंगली नाजूक भाऊबंद रस्त्यालगत चरताना दिसतात. काबानाकोंदेची बस चिवायमध्ये थांबून पुढं जाते, सगळे मिळून सहा तास धरा. आणखी एक, चिवायहून पुनोला म्हणजे तितिकाका सरोवराकडं थेट टुरिस्ट बस मिळते, परत आरेकिपाला यायची गरज नाही. काबानाकोंदेहून मात्र आल्या वाटेनंच मागं यावं लागतं, त्यामुळं ज्यांचा पुढचा टप्पा पुनो-कुस्को आहे त्यांनी हा एक मुद्दा नीट मोजावा.

चिवाय हे काय्योमा प्रांताचं मुख्य गाव, त्यामुळं बाजार आहे, औषधाचं दुकान आहे, एटीएम आहे, हॉटेलं साध्या खोलीपासून बऱ्यापैकी आरामशीरपर्यंत. गावाबाहेर तीन-चार किमीवर ला कालेराचे गरम पाण्याचे कुंड आहेत, संध्याकाळी थंडी पडायला लागली की त्यात बसणं हे चिवायचं सगळ्यात मोठं सुख, फक्त फार वेळ बसू नका, उंचीवर गरम पाण्यात चक्कर येते. बाकी गाव म्हणून चिवाय तसं कामापुरतं आहे, चौक आणि बाजार फिरून झाला की संपलं. दुपारी टूरच्या गाड्या येतात, पहाटे सगळे कोंडोर बघायला निघून जातात.

काबानाकोंदे याच्या उलट. छोटं शेतकरी गाव, भोवती पायऱ्यापायऱ्यांची शेतं, इथला काबानिता मका नावाजलेला, आणि चौकातून थोडं चाललं की दरीची कडाच. इथं लोक येतात ते मुख्यतः खाली उतरायला. तळाशी सांगाये नावाचं हिरवं ठिकाण आहे, खजुरासारखी झाडं, साध्या खोल्या, पोहायचे हौद, आणि गावापासून तिथपर्यंत जवळपास ११०० मीटर खाली. उतरताना गुडघे बोलतात, पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी, कारण ऊन चढायच्या आत वर यायचं म्हणून पहाटे अंधारातच निघावं लागतं आणि तीन तास सलग चढ. ज्यांना सह्याद्रीत चढउताराची सवय आहे त्यांना वाट अवघड वाटणार नाही, पण हवा विरळ आहे हे विसरून नेहमीच्या वेगानं निघालात तर अर्ध्यातच दम संपेल. खेचर भाड्यानं मिळतं, आदल्या संध्याकाळी सांगून ठेवावं लागतं. सांगायेला सरळ उतरण्यापेक्षा सान हुआन दे चुच्चो आणि मालाताकडून वळसा घेऊन जाणं मला जास्त पटतं, कारण त्या वाटेवर माणसं राहतात, फळबागा आहेत, दरी नुसती बघायची जागा न राहता लोकांचं घर आहे हे कळतं.

कोंडोरसाठी म्हणाल तर काबानाकोंदेचं पारडं जड. क्रुस देल कोंडोर ही जागा दोन्ही गावांच्या मधे पण काबानाकोंदेला बरीच जवळ. पंखांचा पसारा तीन मीटरच्या आसपास आणि वजन पंधरा किलोपर्यंत, एवढा जड पक्षी पंख मारत वर चढू शकत नाही, तो ऊन पडून दरीतली हवा तापायची वाट बघतो आणि त्या वर चढणाऱ्या हवेवर स्वार होतो. म्हणून सकाळी आठ ते दहा हीच वेळ. चिवायहून त्यासाठी पहाटेच निघावं लागतं, काबानाकोंदेहून निवांत चहा घेऊन पोचता येतं. पर्यटक तिकीट परदेशी माणसाला ७० सोल (पेरूचं चलन), ते दरीत असेपर्यंत जपून ठेवा, पुन्हा बघायला मागतात.

माणसांबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. चिवायकडचे लोक कोय्यागुआ, काबानाकोंदेकडचे काबाना, आणि जुन्या काळी दोघं लहान मुलांच्या डोक्याला बांधून वेगवेगळा आकार द्यायचे. स्पॅनिश लोकांनी ते बंद पाडलं, पण वेगळेपण टोपीत टिकलं: कोय्यागुआ बायकांची पांढरी, रिबीन लावलेली, तर काबाना बायकांची दाट भरतकाम केलेली. दोन्ही बघायच्या असतील तर दोन्ही गावांतून जावंच लागेल. वितिती नाच, जो २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला, तो डिसेंबरच्या ८ तारखेच्या सणाला चिवाय आणि यांकेकडं जोरात असतो, काबानाकोंदेचा मोठा उत्सव जुलैच्या मध्यात. तेव्हा खोली आधी धरा.

शाकाहारी लोकांनी चिवायला राहिलेलं बरं, पर्याय जास्त. किन्वाचं सूप, चीज घातलेला मका, बटाट्याचे प्रकार, आरेकिपाकडची सोल्तेरितो नावाची बाकला-मका-चीजची कोशिंबीर, एवढ्यावर नीट भागतं. पण नुसतं व्हेजिटेरियन म्हणून चालत नाही, चिकन येऊ शकतं, आणि सूप मांसाच्या पाण्यात असतं. ‘सिन कार्ने, सिन पोयो’ (मांस नको, चिकन नको) म्हणा आणि सूपचं वेगळं विचारा. काबानाकोंदेला आणि दरीच्या तळाशी जे शिजलंय तेच, म्हणून ठेपले, चिवडा, चटणीची पुडी बरोबर असू द्या. कोकाच्या पानांचा चहा दोन्हीकडं देतात, तिथं तो रोजचाच आणि कायदेशीर आहे, पण पानं बॅगेत टाकून भारतात आणू नका, इथं तो अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा आहे. नोकरीत ड्रग टेस्ट होत असेल तर चहाही टाळा, टेस्टमध्ये दिसतो.

कॅश आरेकिपात किंवा चिवायमध्येच काढा, सुट्ट्या नोटा घ्या. खोलीत हीटर बहुतेक ठिकाणी नसतो, जून-जुलैत रात्री पारा शून्याखाली जातो, जास्तीची ब्लँकेटं आल्याआल्या मागून घ्या.

मला कुणी विचारलं तर चालणाऱ्यांना मी काबानाकोंदेच सांगतो आणि तिथं दोन रात्री सांगतो, एक गावात, एक खाली. आई-बाबा बरोबर असतील, गुडघे कुरकुरत असतील किंवा पुढं पुनो असेल तर चिवाय. आणि चिवायची गर्दी नको पण गरम पाणी आणि बरी खोली हवी असेल तर जवळच यांके बघा, थोडं खाली, शांत, पांढऱ्या दगडाचं देखणं चर्च, आणि तिथंही गरम पाण्याचे कुंड आहेत. जानेवारी ते मार्चमध्ये जात असाल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा. तेव्हा पाऊस असतो, दरी हिरवीगार दिसते, पण कोंडोर कमी दिसतात आणि खाली उतरणाऱ्या वाटांवर दरडी येतात, त्या महिन्यांत चिवाय किंवा यांकेलाच राहा आणि दरीत उतरायचं की नाही ते आदल्या दिवशी गावातल्या लोकांना विचारूनच ठरवा.